समुद्राला निघालात? आधी तिथी बघा

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या छत्रपती संभाजीनगरात घरोघरी एकच विषय निघतो. या वेळी कोकण की गोवा? सिडको, गारखेडा, उस्मानपुरा, कुठल्याही गल्लीत विचारा. चार घरं मिळून गाडी ठरते, कोणाच्या तरी मेहुण्याने पाहिलेलं एखादं बीच सुचवलं जातं, मोबाइलवर खोली बुक होते. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला, त्यामुळे सावंगीला चढलं की मुंबईच्या तोंडाशी उतरता येतं. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगावमार्गे मुरूड, श्रीवर्धन गाठणारे तर आधीपासूनच आहेत. समुद्र आपल्याला जवळ आला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. जरूर जा. मात्र निघण्याआधी चार गोष्टी ऐकून जा.

आपण मराठवाड्याची माणसं. आपल्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र नाही. आपलं पाणी म्हणजे विहीर, पाझर तलाव, फार तर पैठणचा नाथसागर. आपण पोहायला शिकलो तेही विहिरीत. पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा, काठावरून काकाने ढकलून द्यायचं, दोन-चार घोट पाणी पोटात गेलं की हातपाय आपोआप हलायला लागायचे. हे शिक्षण पक्कं असतं, पण ते उभ्या पाण्याचं शिक्षण आहे. विहिरीतलं पाणी तुम्हाला कुठे नेत नाही. दमलात तर चार हात मारले की कपार हाताला लागते. समुद्राचं पाणी चालतं, ओढतं, आणि दमलेल्याला धरायला तिथे काही नसतं. ‘मला पोहता येतं’ या भरवशावर जो सगळ्यांच्या पुढे जातो, त्याचीच मला जास्त काळजी वाटते. ज्याला पोहता येत नाही तो बिचारा घोट्याएवढ्या पाण्यात हात धरून उभा असतो.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीला बेळगावच्या सहलीतले ८ जण गेले. दोन्ही वेळी पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं. सहलीचा दिवस होता आणि सगळे आनंदात होते.

म्हणून पहिलं काम कॅलेंडर काढायचं. कोकणातली जुनी माणसं घड्याळाआधी तिथी विचारतात, कारण भरती-ओहोटी चंद्राच्या मागे चालते. त्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, म्हणजे भरती साधारण किती वाजता पूर्ण होईल ते कळतं. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचार आणि दुपारी पावणेचार. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि ही वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. ठिकाणाप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे पोचल्यावर घरमालकाला किंवा होडीवाल्याला विचारून वेळ पक्की करायची. पण घरी, स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेल्या कालनिर्णयावरून एवढं आधी कळलं, तर सहलीचे सगळे बेत त्यावर बसवता येतात. किल्ला कधी, पाण्यात कधी, कातळावर कधी, जेवण कधी, सगळं.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि तितकंच जास्त उतरतं. मुंबईकडे मोठ्या उधाणाला ते साडेचार मीटरच्या वर जातं. दक्षिणेला मालवणकडे हा फरक कमी. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी त्या मानाने शांत. आता बघा, लक्ष्मीपूजन अमावास्येला येतं, म्हणजे ऐन दिवाळीत किनाऱ्यावर पोचणाऱ्यांना उधाणच भेटतं. लहान मुलं बरोबर असतील तर भाऊबीज आटोपून, अष्टमीकडे झुकणारे दिवस निवडा. गर्दीही थोडी ओसरलेली असते.

पाण्यात कधी उतरायचं? ओहोटी सुरू असताना नाही, हा कोळीवाड्यातला साधा नियम. त्या वेळी पाणी आत ओढतं, आणि खाडीच्या मुखाशी तर ही ओढ कोणालाच आवरत नाही. तारकर्लीहून पुढे देवबागचा संगम दिसायला फार सुंदर आहे, कर्ली नदी तिथे समुद्राला मिळते. तो होडीतून बघायचा, त्यात पोहायचं नाही. गणपतीपुळ्याचा समुद्रही असाच फसवा. देवळासमोर आहे, हजारो लोक आहेत, म्हणून सुरक्षित असेल असं वाटतं. तसं नाही.

किनाऱ्यावर उभं राहून दहा मिनिटं नुसतं पाणी बघा. लाटा सगळीकडे फुटताहेत आणि मधेच एक पट्टा शांत दिसतोय, तिथे फेस नाही, पाण्याचा रंग थोडा गढूळ, तर तो पट्टा टाळा. नवखा माणूस नेमका तिथेच जातो, लाटा नाहीत म्हणून. काठावर आलेलं पाणी परत समुद्रात जाण्याची ती वाट असते. त्यात सापडलात तर काठाकडे तोंड करून झुंजू नका. भलाभला पोहणारा तिथे दमतो. पाठीवर पडा, तरंगा, खारं पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा जास्त उचलून धरतं. मग काठाला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा आणि लाटा फुटताहेत तिथून काठाला या. एक हात वर करून हलवत राहा. ही गोष्ट घरातल्या प्रत्येक मुलाकडून, प्रवासात गाडीतच, दोन-तीनदा वदवून घ्या.

आणखी एक सामान न्या, जे कोणी नेत नाही. पाच लिटरचा घट्ट झाकणाचा रिकामा कॅन आणि पंधरा-वीस मीटर नायलॉनची दोरी. कॅनच्या कडीला दोरी पक्की बांधा, पाण्यात जाताना काठावर एका शहाण्या माणसाच्या हातात द्या, आणि त्या माणसाला दुसरं काम देऊ नका. फोटो काढण्याचंसुद्धा नाही. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, हात बाजूला थापटतात, आवाज नाही. असं दिसलं की कॅन फेकायचा. मागोमाग उडी मारायची नाही, कारण एकाला वाचवायला गेलेले दोघं-तिघं जातात. बाहेर काढलेल्याला उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, हे आपल्याकडे विहिरीवर चालतं ते सगळं सोडून द्या. श्वास नसेल तर उताणं निजवून, नाक धरून, तोंडाने पाच श्वास द्यायचे. मग छातीच्या मधोमध तीस दाब आणि दोन श्वास, तीस दाब आणि दोन श्वास, मदत येईपर्यंत. १०८ ला फोन दुसऱ्याने लावायचा.

स्पेनमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत किनाऱ्यावर जीवरक्षकाच्या मनोऱ्याजवळ झेंडा लागतो. हिरवा असेल तर पोहा, पिवळा असेल तर जपून, लाल असेल तर पाण्यात पाय घालायचा नाही. लाल झेंडा असताना उतरणाऱ्याला तिथल्या नगरपालिका दंडही करतात. गोव्यात २००८ पासून सरकारने नेमलेले जीवरक्षक मुख्य किनाऱ्यांवर आहेत आणि तिथेही लाल झेंड्याचा अर्थ तोच. कोकणात काही ठिकाणी ग्रामपंचायतीने जीवरक्षक ठेवलेत, पण पुष्कळ पुळणींवर झेंडाही नाही आणि शिट्टी वाजवणाराही नाही. तिथे चहाच्या टपरीवाल्याला विचारायचं, ‘काका, इथे पाण्यात कुठवर जावं?’ तो सांगेल तिथे थांबायचं. त्याच्याशी वाद घालणारे मी पाहिलेत, आणि ते बघून फार वाईट वाटतं. तो माणूस त्या पाण्याशेजारी जन्मला आहे.

आता हौसेच्या गोष्टी. दोन दिवसांत पाच बीच हा बेत आधी रद्द करा. एक गाव धरा, दोन रात्री तिथेच राहा. समुद्र गाडीच्या काचेतून कळत नाही. तो एकाच जागी सकाळी, दुपारी आणि रात्री बघितला की कळायला लागतो. सकाळी तुम्ही चाललात ती वाळू दुपारी पाण्याखाली गेलेली असते, हे मुलांना पुस्तकातून कितीही शिकवा, एकदा डोळ्यांनी बघितल्यावर कधी विसरत नाहीत.

तीन दिवस असतील तर मुरूड आमच्याकडच्यांना सगळ्यात सोयीचं, आणि त्याला आणखी एक कारण आहे. समोरचा जंजिरा सिद्दींचा. सिद्दी मूळचे आफ्रिकेतले हबशी. आपलं शहर ज्याने १६१० साली खडकी म्हणून वसवलं तो मलिक अंबरही हबशीच. नहर-ए-अंबरीचं पाणी आपण अजून त्याच्या नावाने ओळखतो आणि त्याची कबर खुलताबादला आहे. ज्या छत्रपतींचं नाव आज शहराला आहे, त्या संभाजी महाराजांनी १६८२ साली हाच जंजिरा घेण्यासाठी राजपुरीकडून समुद्रात दगड टाकून सेतू बांधायला घेतला होता. किल्ला शेवटपर्यंत कोणाला जिंकता आला नाही, संस्थान १९४८ साली भारतात विलीन झालं. एवढं मुलांना आधी सांगून ठेवा, मग होडीत बसल्यावर ती आपणहून विचारतील की सेतू कुठून निघाला होता. होडी राजपुरीहून सुटते, लाटेवर डुलत दरवाजाला लागते, आणि त्या क्षणी उतरण्याची घाई करू नका. नावाडी हात देतो, तो धरून उतरायचं. वर मोजकाच वेळ मिळतो. कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचा तलाव, एवढं नीट बघा.

दापोलीकडे गेलात तर हर्णै बंदरावरचा लिलाव चुकवू नका, मासे खात नसाल तरीही. होड्या थोड्या आत उभ्या राहतात आणि माल उतरवायला बैलगाड्या पाण्यात घालायची इथली जुनी पद्धत. वाळूवर माशांचे ढीग लागतात आणि ढिगाभोवती माणसांचं कोंडाळं. बोली इतक्या भरभर चालते की आपल्याला काही कळत नाही, आणि कोळणीला सगळं कळत असतं. पापलेट, सुरमई, कोळंबी, मांदेली, मुलांना एकेक नाव विचारू द्या. फक्त वाटेत उभं राहून फोटो काढू नका, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईला रस्ता आधी. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये त्याच बाजूला वेळासला कासवांचा महोत्सव असतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, गाव त्यात उतरलं, आणि आता गावातल्या घरांतच पाहुण्यांची सोय होते. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात. दोरीच्या अलीकडे बसायचं, हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. एखाद्या वेळी पिल्लं निघतच नाहीत. मुलांना तेही आधी सांगून ठेवा.

मालवण-तारकर्ली चार दिवस मोकळे असतील तरच करा. आपल्याकडून ते एका दमात करण्याजोगं अंतर नाही, आणि रात्री घाट उतरवून मुलांना उलट्या करवत पोचण्यात काही अर्थ नाही. शिवाजी महाराजांनी १६६४ ला बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग तिथे आहे. समुद्राच्या मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. आपल्यासारख्या टँकरची वाट बघितलेल्या माणसाला त्या विहिरींपाशी थांबावंसं वाटतंच. त्या भागात पहाटे किनाऱ्यावर रापण ओढताना दिसली तर तिथेच थांबा. होडीने अर्धगोलात लांबच लांब जाळं टाकलेलं असतं आणि दोन्ही टोकांचे दोर गावकरी काठावरून ओढतात, सावकाश, तास-दोन तास. विचारून हात लावलात तर बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत. ओल्या दोराने तळहात भाजतो, पाय वाळूत रुततात, आणि जाळं जवळ आलं की आतलं पाणी उसळायला लागतं. ओढणाऱ्याला वाटा देण्याची रीत आहे. तुम्ही घेऊ नका, त्यांचं पोट त्यावर आहे.

स्कूबा करायचं असेल तर सर्दी, कान दुखणं, दमा, हृदयाचा त्रास, गरोदरपण, यांतलं काहीही असेल तर नको, पैसे भरलेले असले तरी नको. प्रशिक्षक एका माणसाबरोबर एकच आहे ना, हे खाली उतरण्याआधी विचारा. होडी कुठलीही असो, लाइफ जॅकेट घालून पट्टे आवळल्याशिवाय पाऊल टाकू नका, आणि होडीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा डोकी जास्त दिसली तर उतरा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटक गेले. जून ते ऑगस्ट जलक्रीडा बंदच असतात. त्या दिवसांत ‘साहेब, मी नेतो’ म्हणणारा भेटला तर हात जोडा.

हरिहरेश्वरला देवदर्शनाला जाणाऱ्यांना खास सांगणं. देवळामागून कातळावरून जी प्रदक्षिणा आहे ती फक्त ओहोटीला. पायऱ्या उतरण्याआधी पुजाऱ्यांना विचारा. लाट दूर दिसते आणि एकदम कातळावर चढते, तिथून माणसं गेलेली आहेत. वेळ जुळत नसेल तर वरूनच नमस्कार करून यावं. देवाला ते चालतं.

गाडी वाळूवर घालू नका, हे एमएच २० वाल्यांना हात जोडून सांगणं आहे. ओली वाळू रस्त्यासारखी कडक दिसते, चाक फिरलं की बसतं, आणि तेवढ्यात भरती येते. लाखांची गाडी पाण्यात जाते, गावकऱ्यांचा दिवस ती काढण्यात जातो, आणि वाळूखाली खेकड्यांची बिळं आणि कासवांची अंडी असतात ती वेगळीच.

ऊन आपल्याला नवीन नाही, चाळीस-बेचाळीस आपण सोसतो. पण कोकणातला घाम वेगळा. इथल्या कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग थंड होतं, तिथे तो वाळत नाही, आणि वाऱ्यामुळे ऊन लागल्याचं संध्याकाळपर्यंत कळत नाही. अकरा ते चार पडवीत काढा. शहाळं प्या, सोलकढी प्या, मीठ-साखरेचं पाणी बरोबर ठेवा. घरात माळकरी असतील तर खोली ठरवतानाच सांगा. घावणे, आंबोळ्या, फणसाची भाजी, उकडीचे मोदक, फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर ओल्या काजूची उसळ, शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही. पण ऐनवेळी चूल वेगळी मागितली तर त्या घरच्या बाईची धावपळ होते.

आणि म्हाताऱ्यांना न्या. आपल्याकडे कन्नड, पैठण, वैजापूरच्या गावागावांत असे आजी-आजोबा आहेत की ज्यांनी पंढरपूर, तुळजापूर, काशीसुद्धा केली, पण समुद्र बघितला नाही. ते मागणार नाहीत, ‘मला काय करायचं तिथे’ म्हणतील. त्यांचं ऐकू नका. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून तिकीट नाही, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पैशाचं कारणही फारसं उरत नाही. खोली तळमजल्याची घ्या. टपरीवरून एक खुर्ची मागून घ्या, कोरड्या वाळूत नीट रोवा, आणि भरती चढत असताना पाणी त्यांच्या पायापर्यंत येऊ द्या. हात धरून एक जण सतत शेजारी उभा राहा, कारण लाट परतताना पायाखालची वाळू सरकते आणि म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो.

शेवटची विनंती शाळा-महाविद्यालयांच्या मुख्याध्यापक-प्राचार्यांना आणि सहल नेणाऱ्या सर-मॅडमना. नोव्हेंबर ते जानेवारी एसटी ठरवून आपल्याकडच्या सहली निघतात, रायगड, मुरूड, अलिबाग, गणपतीपुळे. मुलांनी समुद्र बघायलाच हवा, सहली बंद करू नका. पण पालकांना जे पत्रक देता, त्यात प्रत्येक किनाऱ्यापुढे त्या दिवशीची भरती-ओहोटीची वेळ छापा. मुलं पाण्यात दहा-दहाच्या तुकडीने, गुडघ्यापर्यंत, दोन मोठी माणसं त्यांच्यापेक्षा खोल बाजूला उभी, आणि एक जण काठावर दोरी-कॅन घेऊन. वेळापत्रक कोलमडलं, उशीर झाला, अंधार पडत आला, तर पाण्याचा कार्यक्रम सरळ रद्द करायचा, मुलं कितीही रुसली तरी. आणि पालकांनो, सहीसाठी संमतीपत्र घरी आलं की त्यावर ही वेळ छापली आहे का बघा. नसेल तर सही करण्याआधी शाळेत फोन करून विचारा.